सशाचा परकोट

यंदा दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला तो लॅपटॉप घेऊनच आला. ताई दिली ब्रह्मपुरीकडे, धानपट्ट्यात. आम्ही वरोरा तालुक्यात, कापूस-सोयाबीनवाले. जिल्हा एकच, पण तिकडची शेती पाण्यात उभी असते आणि इकडची पाण्याची वाट बघत उभी असते. भाचा आठवीत. आजीच्या पाया पडून झाल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "मामा, इथलं कोणतं बटन चालू हाय?"

त्याच दिवशी आमच्याकडे सीतादही झालं होतं. पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, पहिला वेचा सुरू करायच्या आधी आई शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवते, हात जोडते, आणि मग बाया ओळीला लागतात. संध्याकाळी ती ओसरीवर बसून बोटांना खोबरेल तेल लावत होती. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत शिरतात, नखांच्या कडेला बारीक चिरा पडतात, रात्री भाजीत मीठ घालतानाही झोंबतं. समोर भाचा शेती करत होता. म्हणजे फार्मिंग सिम्युलेटर खेळत होता.

"काय पेरलं बे?" आईनं विचारलं.

"कापूस, आजी."

आई सरकून जवळ आली. स्क्रीनवर पांढरंशुभ्र वावर, एकाही झाडाखाली गवत नाही. एक भलंमोठं यंत्र आलं, दोन मिनिटांत अर्धं वावर खाऊन गेलं आणि मागून कापसाचा गठ्ठा बाहेर टाकला. आई चष्मा वर सारून बघत राहिली.

"कवडी कुठी गेली? सडलेलं बोंड एकबी नाही?"

"यात अळी नसते आजी."

"अन् वेचाले बाया?"

"मशीनच वेचते ना."

"मंग बाया काय करतेत?"

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघितलं.

हा खेळ स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचा. २०१८ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीत कापूस पहिल्यांदा पेरता आला. स्वित्झर्लंडात कापूस होत नाही, तेव्हा त्यांनी तो अमेरिकेतल्या मोठ्या शेतावरून उचलला, यंत्रासकट. यात कुणाची काही चूक नाही. पण आईनं जे विचारलं त्यात नुसत्या बायाच नव्हत्या, वेळही होता. आपल्याकडे बोंडं एकदम फुटत नाहीत. पहिला वेचा दिवाळीच्या आगेमागे, मग दुसरा, तिसरा, कधी संक्रांत ओलांडून चौथा. सकाळी दहिवर उतरेपर्यंत थांबायचं, कारण ओला कापूस व्यापारी घेत नाही आणि घरात ठेवला तर तापतो. मजुरी किलोवर, त्यामुळे काट्यापाशी रोज थोडी बाचाबाची ठरलेली. कोणती बाई कोणाच्या वावरात जाणार हे आदल्या रात्री नळावर ठरतं. हे सगळं नीट बघितलं तर त्यात खेळाला लागणारं सगळं आहे. वेळ आहे, वजन आहे, जोखीम आहे, आणि उद्या शेजाऱ्यानं दोन रुपये जास्त दिले तर तुमचं वावर तसंच फुटून पडणार ही भीती आहे. यंत्रानं हे सगळं गिळलं आणि मागून गठ्ठा टाकला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट फिरते आहे. खेळात आपलं काही नसतं अशी तक्रार आपण सगळेच करतो, मीही वर्षानुवर्षं केली. खरं म्हणजे आपलं नाव खेळात बऱ्याचदा असतं. युरोपा युनिव्हर्सालिसच्या चौथ्या भागात खेळ १४४४ सालापासून सुरू होतो आणि नकाशावर गोंडवाना नावाचं राज्य असतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आनंदानं मांडी थोपटली. २००९ च्या एम्पायर: टोटल वॉरमध्ये मराठा राज्यसंघ घेऊन खेळता येतं. मी तो घेऊन अर्धा हिंदुस्थान जिंकलाय. पण तो गोंडवाना म्हणजे नकाशावरचा एक रंगीत ठिपका. त्यावर टिचकी मारली की कर मिळतो, सैन्य मिळतं, अगदी तसंच जसं बाव्हेरियावर टिचकी मारल्यावर मिळतं. नाव आमचं, चाल दुसऱ्याची. नाटकात राजाचा अंगरखा घालून उभा असलेला, पण एकही वाक्य नसलेला भालदार असतो ना, तसं.

माझं खेळांशी नातं जुनं आहे आणि फारसं अभिमानाचं नाही. २००४ साली मी चंद्रपुरात कॉलेजला होतो. जटपुरा गेटच्या जवळ एका माळ्यावर सायबर कॅफे होता, अर्ध्या तासाला दहा रुपये. घरून मेसचे म्हणून आलेले पैसे मी तिथे व्हाइस सिटी नावाच्या खेळात घालवले. मायामीसारखं शहर, १९८६ साल, रंगीत शर्टातला नायक टॉमी. लिटल हवानातून स्टारफिश आयलंडवर जायचा रस्ता मला डोळे मिटून येत होता. टॉमीला पोहता येत नव्हतं, पाण्यात पडला की मेलाच, याचं मला फार हसू यायचं. आमच्या गावची पोट्टी पाचवीत विहिरीत सूर मारतात.

आणि ज्या वेशीतून रोज चालत मी त्या कॅफेत जायचो तिच्याकडे मान वर करून कधी बघितलं नाही. वेशीवर दगडात कोरलेला सिंह आहे, हत्तीला नमवणारा. चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचं ते चिन्ह. शहराभोवती त्यांचा परकोट अजून उभा आहे, कुठे चांगला, कुठे घरांच्या पाठभिंती होऊन. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या त्याच्या वेशी. मला ती वेस म्हणजे ऑटो अडकतात ती जागा, एवढीच माहीत होती.

त्या परकोटाची गोष्ट मला आबाजींनी सांगितली, तीही मी कॉलेज सोडून घरी परतल्यावर. बल्लारशाला खांडक्या बल्लाळशहा नावाचा राजा होता. त्याच्या अंगभर गाठी-फोड उठलेले, झोप नाही, चैन नाही. एकदा शिकारीला गेला, तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं होतं, पण एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. ते प्यायला, तोंडहात धुतले, आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी गाढ झोपला. सकाळी उठतो तर अंग स्वच्छ. मग तिथे अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे एके दिवशी राजा तिथूनच जात असताना झुडपातून एक ससा निघाला आणि राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. नीट वाचा, कुत्रा सशाच्या मागे नाही, ससा कुत्र्याच्या मागे. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, चंद्रासारखा. कुत्रा पुढे, ससा मागे, असे मोठमोठे फेरे घेत दोघं धावले, आणि शेवटी कुत्र्यानं उलटून सशाला मारलं. राजानं घरी येऊन राणीला सांगितलं. राणी म्हणाली, ही साधी जागा नाही, ज्या वाटेनं ससा धावला त्याच वाटेवर कोट बांधा. जिथे ससा कुत्र्याला भिडला आणि जिथे मेला, तिथे बुरूज मजबूत करा. राजानं पाया आखला, काम त्याच्या वारसांनी पुरं केलं.

ही गोष्ट इतिहास म्हणून कुणी मागू नये, दंतकथाच ती. पण खेळ बनवणाऱ्या माणसाच्या कानावर ती पडली तर तो रात्रभर झोपायचा नाही. गावाचा नकाशा आधी आणि धावाधाव नंतर, असं सगळ्या खेळांत असतं. इथे धावाधाव आधी आहे आणि नकाशा तिच्यातून तयार होतो. तुम्ही ससा आहात, तुम्ही जसे धावाल तशी भिंत उभी राहील, आणि पुढची तीनशे वर्षं लोक त्या भिंतीच्या आत राहतील. दहा रुपयांत अर्धा तास मायामीत फिरणाऱ्या पोट्ट्याच्या डोक्यावर हे दगडात लिहिलेलं होतं.

आता मोठ्या खेळांत भारत येतो कसा ते बघा. प्रिन्स ऑफ पर्शियाचा २००३ चा प्रसिद्ध भाग भारतातल्या एका महाराजाच्या महालात सुरू होतो. कशासाठी, तर लुटण्यासाठी. महाल पडला, वाळूचं घड्याळ उचललं, झाली भारताची भूमिका. असासिन्स क्रीडवाल्यांनी फ्लॉरेन्सला, इजिप्तला, ग्रीसला भलेमोठे खेळ दिले. भारताच्या वाट्याला २०१६ मध्ये १८४१ सालच्या शीख साम्राज्यातला एक छोटा खेळ आला, डावीकडून उजवीकडे पळायचा. दिसायला सुरेख, पण मागचं अमृतसर पडद्यावर रंगवलेलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी २०२० मध्ये राजी नावाचा खेळ काढला तेव्हा मला खरंच बरं वाटलं. त्यातली चित्रं, त्यातली ती मुलगी, कुणीतरी आतून बघून केलेली आहेत. पण तीही राजवाड्यांची आणि देवदैत्यांची दुनिया. पऱ्हाटी तिथेही नाही.

सगळ्यात गमतीचा प्रकार गांधीजींचा. सिव्हिलायझेशन या खेळात १९९१ च्या पहिल्या भागापासून सहाव्या भागापर्यंत ते भारताचे नेते होते आणि जगभरच्या पोरांना ते अणुबॉम्ब टाकणारे म्हणून माहीत आहेत. गोष्ट अशी पसरली की पहिल्या भागात त्यांच्या आक्रमकतेचा आकडा सगळ्यात कमी होता, तो आणखी कमी करताना शून्याच्या खाली गेला आणि उलटून २५५ झाला. खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२० मध्ये सांगून टाकलं की अशी चूक कधी नव्हतीच. पण लोकांना विनोद आवडला होता, म्हणून २०१० च्या पाचव्या भागात त्यांना अणुबॉम्बाची ओढ मुद्दाम दिली गेली.

सेवाग्राम आमच्या घरून मोटारसायकलनं दोनेक तास. १९३६ पासून गांधीजींचा पत्ता तो. आधी गावाचं नाव शेगाव होतं, पण पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. बापूंच्या त्या मातीच्या घरात व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोन आहे आणि साप न मारता पकडून लांब सोडण्यासाठी केलेला चिमटा-पिंजराही आहे. एकाच छपराखाली साम्राज्याचा फोन आणि सापाचा पिंजरा. मी शाळेच्या सहलीत तो पिंजरा बघितला तेव्हा मास्तर पुढे गेले तरी हललो नव्हतो. तीस वर्षं गांधीजींना खेळवणाऱ्यांना बॉम्ब सापडला, पिंजरा नाही सापडला. सापाला न मारता बाहेर काढायचं, हा नियम त्या २५५ च्या आकड्यापेक्षा खेळायला किती अवघड आहे!

खेड्यावर खेळ होऊ शकतो यावर माझा विश्वास बसला तो किंगडम कम: डिलिव्हरन्समुळे. झेक लोकांचा खेळ, प्राग शहरातल्या वॉरहॉर्स स्टुडिओचा, २०१८ चा. १४०३ सालचा बोहेमिया. त्यांच्याकडेही राजे-रजवाडे होतेच, पण त्यांनी निवडला लोहाराचा पोरगा, हेन्री. नकाशा सारा चार किलोमीटर बाय चार किलोमीटर. म्हणजे आमच्या गावापासून फाट्यापर्यंत. त्यात रस्ते, कुरणं, एक मठ, दोन-तीन गढ्या. त्यातली गावं आजही तिथे आहेत. दैत्य नाही, जादू नाही. हेन्रीला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी दिसतात, आणि एका लेखनिकाकडे जाऊन अक्षरं शिकल्याशिवाय ती सरळ होत नाहीत. ते बघताना मला आबाजी आठवले, सातबारा उलटा धरून मान डोलावणारे. पिशवीतलं अन्न नासतं. कपडे मळले असले तर मोठे लोक नीट बोलत नाहीत. आमच्या तहसिलीच्या गावाला जाताना आई इस्त्रीचा शर्ट का घालायला लावते, ते त्या झेक माणसांना बरोबर माहीत आहे.

या खेळाचा एक नियम मात्र माझ्या जिवावर उठला. खेळ पाहिजे तेव्हा सेव्ह करता येत नाही. बहुतेक वेळा एकतर पलंगावर झोपायचं, नाहीतर एक विशिष्ट दारू प्यायची, जी विकत घ्यावी लागते किंवा रानातल्या झाडपाल्यापासून गाळावी लागते. आता हे प्रागमध्ये ठीक आहे. आमच्याकडे लाइट जाते. तीन तास हेन्रीला घेऊन रानोमाळ फिरलो, दरोडेखोर मारले, हरणाचं मटण जमवलं, आणि सेव्ह करायला सरायीकडे निघालो तर पंखा थांबला. अंधारात बायकोचा आवाज, "झाली का दारू पिऊन?" असं पाच-सहा वेळा झालं. पण दारू पिऊन आयुष्य जतन होतं ही कल्पना बाकी आमच्याकडे कुणालाही समजावून सांगावी लागली नाही. माझ्या दुकानात (झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीकविमा, पासपोर्ट फोटो) गप्पांत हे सांगितलं तर एक म्हातारबुवा गंभीरपणे म्हणाले, "मंग मोहाची पह्यल्या धारेची ठेवा ना." इतका अचूक सल्ला मला इंटरनेटवर मिळाला नाही. आमच्याकडचा खेळ झालाच तर मोहफूल त्यात सजावट म्हणून येऊ नये. पहाटे गळतं ते वेचायचं, वाळवायचं, भाकरीत घालायचं की भट्टीत, हा निर्णय खेळणाऱ्यानं घ्यावा.

बोहेमियाच्या त्या चार किलोमीटरांनी मला एक शिकवलं. संस्कृती खेळात येते ती पोशाखातून नाही, नियमातून येते. भाच्याला हे सांगितलं तर त्याला पटलं नाही. मग मी त्याला जपानच्या साकुनाबद्दल सांगितलं. २०२० मधला छोटा खेळ, एडलवाइस नावाच्या अगदी लहान गटाचा. त्यात देवी असते, राक्षस असतात, पण तिची ताकद वाढते ती तांदूळ पिकवून. बी निवडणं, रोवणीचं अंतर, बांधीत पाणी किती ठेवायचं, कधी काढायचं, साळ किती सडायची, सगळं हातानं करायचं. खेळाडूंना ते जमेना, तेव्हा जपानी पोरं चक्क आपल्या कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर धानाची माहिती शोधायला लागली.

भाचा एकदम सावरून बसला. "रोवणी गेममध्ये?"

"हो."

"पऱ्हे उपडाले लागतेत?"

"रोपं तयार करून लावायलाच लागतात."

"मंग मी जिंकतो ना मामा." हे त्यानं असं सांगितलं की मला हसूही आलं आणि थोडं कुठेतरी लागलंही. हा पोरगा जुलैत शाळा बुडवून गुडघाभर चिखलात उभा असतो, आणि ते कुठल्या खेळात कामाला येईल असं त्याला आजवर वाटलं नव्हतं.

त्याच्या गावाला मालगुजारी तलाव आहे, म्हणजे पूर्वी मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, ताब्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधलेले. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला गाव, जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन, असा राजांचा कायदा होता म्हणतात. एज ऑफ एम्पायर्स खेळलेल्या प्रत्येकानं इथे जरा थांबावं. तिथे लाकूड-सोनं जमवून आपण बराकी बांधतो आणि शेजाऱ्याला जाळतो. इथे राजा म्हणतोय, पाणी अडवा आणि जमीन घ्या. लढाईशिवाय राज्य वाढतं. उतार ओळखायचा, दोन टेकड्यांमधली जागा शोधायची, मातीची पाळ घालायची, सांडवा योग्य जागी ठेवायचा; नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात पाळ फुटून खालचं गाव वाहून जाणार. मग पाणी बांधीतून बांधीत उतरणार. वरच्यानं अडवलं तर खालचा सुकणार. पुढे १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ कुणी काढायचा हा प्रश्न उभा राहिला तो अजून उभाच आहे. खेळाचा शेवटचा, सगळ्यात अवघड टप्पा तोच ठेवावा. राक्षस नाही, गाळ.

मला आणखी एक खेळ दिसतो, त्यात तर तलवारच नाही. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना बघितलं, ऐकलं, त्यांच्याकडे जायचं, विचारायचं, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघायचं. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं, मराठी गद्याचा पाया. आणि मग परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा लिहिली. एकाच्या आठवणीत एक पाठ, दुसऱ्याच्या आठवणीत दुसरा. पुढे महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, पंथाबाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून. म्हणजे माणसं शोधायची, त्यांची आठवण मिळवायची, दोन आठवणी भांडायला लागल्या की कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायचं, आणि सगळं लिहून झालं की ते हरवायचं. पुन्हा पहिल्यापासून, पण आता फक्त डोक्यातून. लाइट गेल्यावर सेव्ह न केलेला खेळ परत खेळणाऱ्या माणसाला हे दुःख चांगलं कळतं.

असं मी बोलायला लागलो की मित्र म्हणतात, हे कोण खेळणार? पोट्ट्यायले बंदूक पाहिजे. बंदूकही आहे की. बाबूराव शेडमाके आहेत, इंग्रजांशी लढले, २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला फासावर गेले. त्यांच्यावर कुणीतरी कधीतरी खेळ करेलच, आणि व्हावाही. मला धास्ती वेगळीच आहे. मोठ्या कंपनीला गोंडवाना सापडला तर तीरकमठा, पिसं, ढोल आणि धुकं एवढंच त्यांच्या हाती लागेल. आपल्यापैकी कुणाला सापडला तर घोडा, तलवार आणि घोषणा. पहिल्यात गोंड माणूस जंगलाचा भाग होऊन जातो, दुसऱ्यात पुतळा. अलास्कातल्या इनुपियाक लोकांवर २०१४ मध्ये नेव्हर अलोन नावाचा खेळ आला. तो त्यांच्या वडीलधाऱ्यांबरोबर बसून केला, आणि त्यातली गोष्ट सांगणारा आवाज त्यांच्याच भाषेत बोलतो. आमच्याकडचा खेळ गोंडीत बोलला पाहिजे. मला गोंडी येत नाही, म्हणून तो मी करू नये हेही मला कळतं. तलावाचा मात्र चालेल.

आणि झाडीपट्टीचा, म्हणजे याच धानपट्ट्यातल्या नाटकांचा. वडशाच्या नाटक कंपन्या धान घरात आलं की गावोगाव निघतात, रात्रभर नाटक, पूर्वी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. सामानाची गाडी वेळेवर पोचेल का, नटाचा घसा टिकेल का, शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक असलं तर माणसं येतील का. भाच्याला हा खेळ सगळ्यात आवडला. त्याच्या मते त्यात पहिला नियम असा हवा, की पहाटे चारला लोक झोपायला लागले की विनोदी नट सोडायचा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चंद्रपूरला गेलो. लॅपटॉपचा चार्जर घ्यायचा होता, जुना आमच्या गावच्या लाइटनं खाल्ला. काम झाल्यावर मी त्याला जटपुऱ्याच्या वेशीखाली उभं केलं आणि वर बघायला लावलं. मग परकोटाच्या कडेकडेनं जमेल तेवढं चाललो. काही वर्षांपूर्वी इथल्या पोरांनी महिनोन्‌महिने श्रमदान करून बुरुजांवरची झुडपं काढली, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी वर चढता येतं. भाचा मोबाइलवर वाट रेकॉर्ड करत होता. मध्ये घरं आली की चिडायचा. "सशाले अडचण होते ना हे."

अंचलेश्वर वेशीपाशी पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. पलीकडे राजांच्या समाध्या, देऊळ, आणि खाली झरपट. पाणी कमी, त्यावर हिरवी जलपर्णी. त्याला मी सशाची गोष्ट पुरी सांगितली. तो पायरीवर बसून ऐकत होता, चपलेतला खडा काढत.

"मामा, गेममध्ये मी ससा की कुत्रा?"

"ससा."

"पण ससा तर शेवटी मरते."

"हो."

तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. "मंग सेव्ह कुठी होते?"

मी खाली झरपटीकडे बोट दाखवलं. तो उठला, कठड्यावरून वाकून बघायला लागला, त्या जलपर्णीत खळगा कुठे दिसतो का.